९८ सामने खेळलेला जॉन कोलमन सर्वश्रेष्ठ फुल-फॉरवर्ड ठरतो का?

एसेंडनकर:

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्याला दरवर्षी कोलमन मेडल मिळतं. लॉकेट, डन्स्टल, फ्रँकलिन यांनी ते घेतलं, आणि हे सगळे खुद्द कोलमनच्या कितीतरी पट सामने खेळले. मेलबर्नमधल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत परवा यावरूनच वाजलं. "जेमतेम ९८ सामने खेळलेल्या माणसाला सर्वश्रेष्ठ कसं म्हणायचं?" असा सूर होता. मी म्हणतो, खुशाल म्हणायचं. इथे सविस्तर मांडतो.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन्ही बाजूंना १८-१८ खेळाडू, चार खांब, मधल्या दोन खांबांतून पायाने चेंडू गेला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूने गेला तर बिहाइंड, १ गुण. दुसऱ्या कुणी पायाने लांबून मारलेला चेंडू हवेत झेलला की तो मार्क. मग कुणी अंगावर येऊ शकत नाही, निवांत नेम धरून मारायचं. फुल-फॉरवर्ड गोलच्या अगदी पुढ्यात उभा असतो आणि त्याचं काम एवढंच: झेलायचं आणि मारायचं.

१६ एप्रिल १९४९. एसेंडन क्लबचं विंडी हिल मैदान, समोर हॉथॉर्नचा संघ. हेस्टिंग्जहून आलेला २० वर्षांचा पोरगा लीगमधला पहिलाच सामना खेळतो आणि १२ गोल ठोकतो. त्याच वर्षीच्या ग्रँड फायनलला, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्याला, तो ९४ गोलांवर होता. एमसीजीवर कार्लटनला ७३ गुणांनी लोळवताना त्याने आणखी ६ मारले. शंभरावा गोल सामना संपता संपता आला. पुढच्या वर्षी १२० गोल आणि पुन्हा विजेतेपद.

त्याची उडी ही वेगळीच गोष्ट होती. झुंबड जमायची तिथे तो आधी नसायचाच. मागून धावत यायचा, समोरच्यांच्या खांद्यांच्याही वर चढायचा आणि चेंडू हातात घेऊनच खाली यायचा. त्याला अडवणाऱ्या बचावपटूने, म्हणजे फुल-बॅकने, त्याला मागे ठेवावं की पुढे, दोन्हीत तोटाच.

१९५४ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल, आणि पुढच्याच आठवड्यात नॉर्थ मेलबर्नविरुद्ध गुडघा निखळला. वय २५. ९८ सामने, ५३७ गोल, सरासरी ५.४८. त्यानंतर तो लीगमध्ये कधीच खेळला नाही. माझ्या लेखी त्याच्या जागेवर त्याच्यासारखा दुसरा झाला नाही.

आकडेमोड:

असहमत. गॉर्डन कोव्हेंट्री: ३०६ सामने, १२९९ गोल. टोनी लॉकेट: २८१ सामने, १३६० गोल. एवढं खेळायचं म्हणजे वर्षानुवर्षं मार खायचा, वय वाढलं तरी उभं राहायचं. कोलमनची सरासरी मोठी दिसते, कारण ती पंचविशीतच गोठली. तिशीनंतरचे पडते हंगाम तिच्यात आलेच नाहीत. लॉकेटचेही निवडून पहिल्या दर्जाचे ९८ सामने काढा आणि मग तुलना करा.

आणि सरासरीच बघायची तर पीटर हडसन आहे की. १२९ सामने, ७२७ गोल, सरासरी ५.६४. तुमच्याच मोजपट्टीने तो पुढे.

क्रिकेटमध्ये बॅरी रिचर्ड्स ४ कसोटी खेळला, ५०८ धावा, सरासरी ७२.५७. म्हणून त्याला गावसकरच्या वर बसवणार का?

एसेंडनकर:

@आकडेमोड, रिचर्ड्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ब्रॅडमनने निवडलेल्या सर्वकालीन संघात चौथ्या क्रमांकाला आपला तेंडुलकर आहे, आणि सलामीला कोण? हाच चार कसोटींचा बॅरी रिचर्ड्स. ब्रॅडमनने सामने मोजले नाहीत, फलंदाज पाहिला.

दुसरं, काळ बघा. १९५६ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल होते ५६. कोलमनने १९५२ मध्ये १०३ मारले, त्यानंतर शंभरी थेट १९६८ मध्ये, हडसनचीच. मधली पंधरा वर्षं कुणालाच जमलं नाही. ज्या काळात गोल असे मोजून मापून मिळत होते, त्या काळात या माणसाने सहा हंगामांत तीनदा शंभर गाठले, आणि १९५३ मध्ये ९७. लॉकेटच्या काळात गुणफलक केवढे फुगले होते हेही बघा ना.

हॉथॉर्नवाली:

हडसनचं नाव निघालंच आहे तर पूर्ण सांगते. १९७१ मध्ये १५० गोल, बॉब प्रॅटच्या १९३४ मधल्या विक्रमाशी बरोबरी. १९७२ च्या पहिल्याच सामन्यात मध्यंतराच्या आधी ८ गोल झाले आणि गुडघा गेला. म्हणजे कोलमनसारखाच घाव. फरक पुढे आहे. हा माणूस परत आला आणि १९७७ मध्ये ११० गोल केले. कोलमनने १९५६ मध्ये पुनरागमनाचा प्रयत्न केला, पण तो सोडून द्यावा लागला. मला परत येऊन दाखवणारा मोठा वाटतो. सरासरीही त्याचीच जास्त. अजून काय हवं?

बांधावरून:

ताई, इथे मी तुमच्या विरोधात. दोन गुडघे सारखेच मोडले होते असं धरून चाललात तरच हा मुद्दा उभा राहतो. मधे १८ वर्षांचं अंतर आहे, शस्त्रक्रिया आणि उपचार तेवढे पुढे सरकले होते. कुणाचा पाय पुन्हा धरला आणि कुणाचा नाही, यावरून हिंमत मोजू नये.

सरासरीतला ०.१६ चा फरक मात्र मी मान्य करतो. तो हडसनच्याच बाजूने आहे.

तिसरा क्वार्टर:

सगळे गुडघ्यावरच बोलताय. १९५१ चं काय? साखळीतला शेवटचा सामना कार्लटनशी. कोलमनने हॅरी कॅस्परला ठोसा मारला, ट्रायब्युनलने, म्हणजे लीगच्या शिस्त समितीने, ४ सामन्यांची बंदी घातली आणि साखळीनंतरचे अंतिम फेरीचे सगळे सामने हुकले. एसेंडन त्याच्याशिवाय ग्रँड फायनलपर्यंत पोहोचलं आणि जीलाँगकडून ११ गुणांनी हरलं. ११ गुण म्हणजे दोन गोलसुद्धा नाहीत! सामन्याला पाच गोल करणारा माणूस मैदानात असता तर सलग तिसरं विजेतेपद होतं. राग आवरता न येणं हासुद्धा कारकिर्दीचाच भाग आहे, तो सर्वश्रेष्ठ म्हणताना वजा करायला हवा.

एसेंडनकर:

@तिसरा क्वार्टर, या प्रसंगावर मला अजूनही संताप येतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मारलं कॅस्परने. कोलमनने उलट मारलं. दोघांना सारखीच शिक्षा, चार-चार सामने. आता त्या वेळची व्यवस्था बघा. मैदानात अंपायर एकच असायचा. दुसरा यायला १९७६ उजाडलं. तो एकटा चेंडूमागे धावणार, त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसणार कसं? फुल-फॉरवर्ड तर चेंडू येईपर्यंत गोलपाशीच उभा. तेवढ्या वेळात कोपर, चिमटे, ठोसे सगळं चालायचं आणि शिट्टी वाजायची नाही. कोलमनने तीन हंगाम हे सोसलं होतं. सीमेवरच्या अंपायरला फ्री किक देता येत नव्हती, तक्रार मात्र नोंदवता यायची. म्हणजे बचाव मिळायचा नाही आणि शिक्षा तेवढी मिळायची. निकाल ऐकून बाहेर पडताना तो रडला.

उलट हात उचलला हे चूकच. पण सुरुवात करणारा आणि उत्तर देणारा एकाच तराजूत? आणि कार्लटनचं फार काही गेलं नाही, त्यांना अंतिम फेरी खेळायचीच नव्हती. किंमत एकट्या एसेंडनने मोजली.

तिसरा क्वार्टर:

त्रास सगळ्याच मोठ्या फॉरवर्डना झाला. कोव्हेंट्रीने पहिल्या महायुद्धानंतरचा काळ खेळून काढला, तेव्हा कोण संरक्षण देत होतं? अंतिम फेरी आठवड्यावर आलेली असताना हात खाली ठेवणं हे त्याच्याच हातात होतं. अन्याय झाला हे मान्य. तरी संघाला तो मिळाला नाही, हे तेवढंच खरं.

बांधावरून:

@तिसरा क्वार्टर, पण तुमच्या मुद्द्यातून वेगळंच सिद्ध होतं. कोलमनशिवाय एसेंडन ग्रँड फायनलला पोहोचलं, म्हणजे संघच दांडगा होता. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल तीनदा घेतलेला डिक रेनॉल्ड्ससारखा प्रशिक्षक, चेंडू आणून देणारा बिल हचिसन. अशा संघात फुल-फॉरवर्डचे गोल वाढणारच. एसेंडनकरांनी याचं उत्तर दिलेलं नाही.

एसेंडनकर:

देतो. तो येण्याआधी, १९४८ मध्ये हेच रेनॉल्ड्स आणि हेच हचिसन असताना एसेंडन मेलबर्नकडून ग्रँड फायनल हरलं होतं. आधीच्या आठवड्यातली ग्रँड फायनल तर बरोबरीत सुटली होती, कारण गोलऐवजी बिहाइंडच्या राशी पडल्या: ७ गोल आणि २७ बिहाइंड. चेंडू पुढे जात होता, मधल्या दोन खांबांतून घालणारा माणूस नव्हता. तो १९४९ मध्ये आला आणि पुढची दोन विजेतेपदं आली.

१९९६ मध्ये शतकातला सर्वोत्तम संघ निवडला तेव्हाही फुल-फॉरवर्डला कोलमनच होता.

आकडेमोड:

७ गोल २७ बिहाइंड हा मुद्दा भारी आहे, त्याला माझ्याकडे तोड नाही. पण १९९६ ची निवड पुढे करू नका. लॉकेट तेव्हा खेळत होता. कोव्हेंट्रीचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याने १९९९ मध्ये मोडला. आज तोच संघ निवडायचा तर चर्चा वेगळी होईल.

हॉथॉर्नवाली:

आणि पावसाळी शनिवार, मैदानात चिखल, चेंडू साबणासारखा निसटतोय, तेव्हा कुणाला घ्याल? मी हडसनला घेते. त्याला उडी लागतच नसे. बचावपटूला अंगाने अडवून तो आधीच योग्य जागी उभा असायचा, चेंडू छातीवर घ्यायचा आणि त्याची ती सपाट पंट, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला मारलेली किक, मारायचा. दिसायला काही खास नाही, पण गोल. चिखलात धावत येऊन खांद्यावर चढणं कसं जमणार?

एसेंडनकर:

ताई, मेलबर्नचा हिवाळा १९५० मध्येही ओलाच होता, आणि १२० गोल त्याच हिवाळ्यातले. माझा फुल-फॉरवर्ड कोलमनच.