माळावरचे चिंकारा आणि मेंढपाळ: छायाचित्रणाविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न: मी कोथरूडला राहतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा आणि भोवतालच्या माळांवर मेंढरे चारणारे धनगर यांची वर्षभराची छायाचित्रमालिका करण्याचा माझा विचार आहे. दोन फेऱ्या झाल्या. परंतु चिंकारा पाठ फिरवतात आणि माणसांसमोर कॅमेरा उचलताना मलाच संकोच वाटतो. जाणकारांनी कृपया सुचवावे.

पहिले उत्तर: हे अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे पाठलाग केल्यास जनावराला पळायलाही जागा उरत नाही. गाडी वाटेवरच थांबवून इंजिन बंद करावे आणि अर्धा तास बसून राहावे. शेपटी सारखी हलत असेल व कान ताठ असतील तर कॅमेरा खाली ठेवावा; मान खाली घालून ते पुन्हा चरू लागले, की खरे चित्र मिळते. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि महागडी लेन्सही चित्र धूसर देते.

दुसरे उत्तर: धनगरांचे वाडे (मेंढरांसह एकत्र फिरणारी कुटुंबे) पावसाळा संपल्यावर कोकणाकडे निघतात आणि पुढच्या पावसाआधी परततात, म्हणून वेळापत्रक त्यांच्या वाटेप्रमाणे आखावे. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. काढलेली चित्रे छापून त्यांच्या हातात द्यावीत. माझ्या मते हे ऋण फेडलेच पाहिजे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पुढच्या रविवारी आधीच्या भेटीतली छापील चित्रे घेऊन जातो.