मदत हवी आहे: स्कूल बोर्ड मेंबरच्या रिकॉल पिटिशनवर सही करावी का? (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

इथे बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासचे) बरेच पालक आहेत, म्हणून विचारतेय. मुलांची संख्या घटली म्हणून आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने दोन प्राथमिक शाळा बंद करायचं ठरवलं. बोर्ड पाच जणांचं, ठराव ३ विरुद्ध २ ने पास झाला. बाजूने मत देणाऱ्यांतल्या एक बाई निवडणुकीच्या वेळी दारोदार फिरून "तुमची शाळा हलू देणार नाही" सांगत होत्या. साहजिकच लोक भडकलेत आणि आता त्यांच्या रिकॉलसाठी, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन पदावरून काढण्यासाठी, सह्या गोळा करणं चालू आहे. देशी ग्रोसरीच्या दारात एक काका टेबल टाकून बसतात. आपल्या एका हातात कोथिंबिरीच्या जुड्या, दुसऱ्यात दुधाचा गॅलन, आणि ते क्लिपबोर्ड पुढे करतात. "बस, एक साइन."

नवरा म्हणतो, करून टाक, त्यात काय एवढं. मला मात्र न वाचता सही करायची नव्हती म्हणून फोटो काढून आणला. शाळा बंद केल्याचं लिहिलंय ते खरंच आहे, पण खाली "पैशांचा गैरव्यवहार" असंही आहे. त्याला आधार काय, तर काकांना माहीत नाही. असं काहीही लिहिलेलं चालतं का? या निवडणुकीचा खर्च कोण करतं? आणि माझे सासू-सासरे ग्रीन कार्डवर आहेत. सासरे पुण्यात सोसायटीचे सेक्रेटरी होते, सह्या गोळा करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते उद्यापासून काकांच्या शेजारी बसायला तयार आहेत. त्यांना बसू द्यावं का?

मुलीची शाळा बंद होणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे राग मलाही आहे. बाईंची मुदत पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. फक्त डावे-उजवे नको, ते आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरपूर चालू आहे.

प्रतिसाद (सॅन होजे)

आधी हे बघा की तुम्ही त्या बाईंच्या ट्रस्टी एरियात, म्हणजे त्यांच्या मतदारसंघात, राहता का. बोर्ड एरियावार निवडून येत असेल तर त्याच एरियातल्या नोंदणीकृत मतदाराची सही धरतात. बाकीच्या पडताळणीत उडतात. ग्रोसरीत सगळ्या गावाची माणसं येतात, त्यामुळे काकांचा अर्धा गठ्ठा बाद झाला तरी नवल नाही.

कारणांबद्दल: नोटिशीत २०० शब्दांत कारणं द्यायची असतात आणि बाईंनाही २०० शब्दांत उत्तर देता येतं. ते दिलं असेल तर पिटिशनवरच छापलेलं असेल, फोटोत बघा. कॅलिफोर्नियात कारण "पुरेसं" आहे का हे कुणी तपासत नाही, लोकांची नाराजी हेसुद्धा कारण चालतं. वॉशिंग्टन राज्यात मात्र आरोप पुरेसे आहेत का ते आधी कोर्ट बघतं.

सही म्हणजे मत नव्हे. निवडणूक घ्या, एवढंच तुम्ही म्हणताय. नंतर विरोधात मत द्यायला कुणी अडवत नाही. आणि सही केल्यावर मन बदललं तर पिटिशन जमा होण्याआधी निवडणूक कचेरीला लेखी कळवून ती काढून घेता येते.

सासऱ्यांना सही करता येणार नाही, पण गोळा करता येतील. त्यासाठी १८ वर्षं पूर्ण एवढीच अट आहे. मोहिमेला देणगीही ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वन-बी वाल्यांनी पैशाच्या भानगडीत पडू नये. एक गोष्ट मात्र काकांना निक्षून सांगा: सासू-सासऱ्यांच्या हातात मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनसुद्धा द्यायचा नाही. नागरिक नसताना नोंदणी केली तर प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं.

खर्च डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून होतो. म्हणजे पैशांच्या ज्या खड्ड्यामुळे शाळा बंद होतायत त्याच खड्ड्यातून.

प्रतिसाद (सॅन फ्रान्सिस्को)

आम्ही २०२२ मध्ये यातून गेलोय. कोविडमुळे शाळा महिनोन्महिने बंद आणि बोर्ड ४४ शाळांची नावं बदलण्यात गर्क. लिंकन आणि वॉशिंग्टनसुद्धा त्या यादीत. वर लोवेल हायस्कूलचे गुणवत्तेवरचे प्रवेश लॉटरीवर नेले. प्रत्येक मेंबरसाठी ५१,३२५ सह्या लागत होत्या, त्या जमल्या, आणि १५ फेब्रुवारीला अॅलिसन कॉलिन्स, गॅब्रिएला लोपेझ आणि फाउगा मोलिगा तिघेही मोठ्या फरकाने गेले. बाकीच्या चौघांना निवडून येऊन फार दिवस झाले नव्हते म्हणून ते वाचले. मुदतीचे पहिले ९० दिवस आणि शेवटचे सहा महिने रिकॉल सुरू करता येत नाही.

इथे पालक नागरिक नसले तरी स्कूल बोर्डापुरतं मत देऊ शकतात, २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन एन मुळे. ती सोय आमच्या शहरापुरती आहे, तुमच्या सासऱ्यांनी हुरळून जाऊ नये.

पण आमच्याकडे रिकाम्या जागा महापौरांनी भरल्या. नव्या बोर्डाने त्याच जूनमध्ये ४ विरुद्ध ३ ने लोवेलचे जुने प्रवेश परत आणले. तुमच्याकडे असा महापौर नाही. बाई गेल्या तर बोर्डात उरतात २ विरुद्ध २! शाळा परत उघडायला पाचांपैकी तीन मतं लागतील, कारण बहुमत एकूण सदस्यसंख्येवर मोजतात, हजर असलेल्यांवर नाही. रिकाम्या जागेवर ६० दिवसांत नेमणूक करायची नाहीतर निवडणूक लावायची, हेही त्याच चौघांच्या हातात. २०२३ पासून स्थानिक रिकॉलच्या मतपत्रिकेवर पर्यायी उमेदवारही नसतात, फक्त काढायचं की नाही.

प्रतिसाद (फ्रीमाँट)

वरच्यांना +१. आता जरा हिशेब करा. समजा एरियात १८ हजार मतदार आहेत. त्यांच्या २० टक्के म्हणजे ३,६०० वैध सह्या लागतील, १२० दिवसांत. पडताळणीला कामाचे ३० दिवस. मग निवडणूक जाहीर झाल्यापासून ८८ ते १२५ दिवस, आणि दुसऱ्या निवडणुकीला जोडली तर १८० पर्यंत. मधल्या बैठका धरून नऊ-दहा महिने गेले. तोवर बाईंची नेहमीची निवडणूक दारात आलेली असणार, आणि शाळेला कुलूप लागलेलं.

आमच्या शेजारच्या सुनोलमध्ये २०२४ च्या जुलैत तीनपैकी दोन मेंबर काढले, पण तो एकाच शाळेचा डिस्ट्रिक्ट. हजारभरसुद्धा मतदार नाहीत, सगळे एकमेकांना ओळखतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलात त्याच वर्षी जूनमध्ये बोर्डाचे अध्यक्ष जोसेफ कोम्रोस्की रिकॉल झाले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले. घ्या!

प्रतिसाद (सांगली)

अवांतर: आमच्या गावात दारूदुकानासाठी आडवी बाटली-उभी बाटली मतदान झालं तेव्हा सह्यांच्या पडताळणीला बायका अख्खा दिवस रांगेत होत्या. निम्म्यांची मतदारयादीतली नावं माहेरची. सासऱ्यांना म्हणावं, आधी यादी मिळवा, मग पेन.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटीच्या निवडणूक रजिस्ट्रारच्या साइटवर पत्ता टाकून बघितला, आम्ही बाईंच्याच एरियात येतो. पिटिशनवर त्यांचं उत्तरही आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की फोटो मोठा करून वाचावं लागलं. त्या म्हणतात, काउंटीने बजेटवर आक्षेप घेतल्यामुळे हे करावं लागलं. ते खरं असेल तर मला ती कागदपत्रं बघायचीत. सध्या सही थांबवलीय. २ विरुद्ध २ चं गणित ग्रुपवर टाकलं तर दोन्ही तट माझ्यावरच उखडले. सासऱ्यांनी टेबलावर बसायचा बेत सोडलेला नाही, पण आता म्हणतात आधी मतदारयादी हवी.

आता पुढचा प्रश्न. बंदचा ठराव झालाय, पण वर्ग कुठल्या शाळेत हलवायचे आणि बस मिळणार का, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे. पब्लिक कॉमेंटला, म्हणजे लोकांनी बोलायच्या वेळेत, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटंच मिळतात. दहा पालकांनी तेच तेच बोलण्यापेक्षा मुद्दे वाटून घेतले तर उपयोग होतो का? आणि काउंटीचं बजेटवरचं पत्र मागायचं तर डिस्ट्रिक्टकडे पब्लिक रेकॉर्ड्स रिक्वेस्ट (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा अर्ज) टाकायची की थेट काउंटीकडे? कुणी टाकली असेल तर मजकूर कसा लिहिला ते इथेच द्या.