स्पॅनिश 'यावे' आणि आपली 'चावी'

स्पॅनिशमध्ये किल्लीला 'यावे' म्हणतात. लिहिताना सुरुवातीला दोन 'एल', उच्चार मात्र 'य'चा. इंग्रजी 'की'शी या शब्दाचं नातं नाही. नातं आहे ते आपल्या 'चावी'शी.

मूळ शब्द लॅटिन 'क्लाविस'. लॅटिनमधल्या सुरुवातीच्या 'क्ल', 'प्ल'चा स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा 'य' होतो आणि पोर्तुगीजमध्ये 'श'. पाऊस म्हणजे लॅटिन 'प्लुविआ', त्याचं स्पॅनिश 'युविआ' आणि पोर्तुगीज 'शुवा'. तसंच 'क्लाविस'चं 'यावे' आणि 'शावे'. आपली 'चावी' आली ती या पोर्तुगीज शब्दावरूनच. मग आपण 'शावी' का म्हणत नाही? कारण १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं तेव्हा त्यांच्या तोंडी हा उच्चार अजून 'च' होता. पुढे लिस्बनकडे त्याचा 'श' झाला. जुना 'च' आपल्या चावीत तसाच राहिला, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं.

स्पॅनिशमध्ये आणखी एक शब्द आहे, 'क्लावे'. तोही 'क्लाविस'चाच, पण लोकांच्या तोंडी न झिजता पंडितांनी थेट लॅटिनमधून उचललेला. आपल्याकडे 'क्षेत्र' आणि 'शेत' जसे शेजारी नांदतात तसंच हे: 'यावे' तद्भव, 'क्लावे' तत्सम. अर्थही वाटून घेतलेत. दाराची ती 'यावे'; सांकेतिक लिपीची किंवा पासवर्डची ती 'क्लावे'.

इंग्रजीत हे घराणं आडवाटेने शिरलं. गळ्याखालचं हाड 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी किल्ली. पोप निवडायची सभा 'कॉन्क्लेव्ह', मुळात किल्लीने बंद करता येणारी खोली. हे नुसतं नावापुरतं नव्हतं. इटलीत व्हितेर्बोला १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षं पोप निवडला जाईना, तेव्हा गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडून घातलं. शेवटी निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये या कोंडण्याचाच नियम केला.

आता 'किल्ली'. ती संस्कृत 'कील'वरून आली, म्हणजे खुंटी, मेख. आपला 'खिळा'ही त्याच 'कील'चा. आणि लॅटिनमध्ये? 'क्लाविस' किल्ली, तर 'क्लावुस' खिळा, दोन्ही एकाच मुळातले. स्पॅनिशमध्ये खिळ्याला आजही 'क्लाव्हो' म्हणतात, आणि खिळ्यासारखी दिसते म्हणून लवंगेलाही.