मदत हवी आहे: अपंगत्वावरून होणारा भेदभाव सिद्ध कसा करावा?

पऱ्हाटी: अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. पुन्हा रुजू झाले तेव्हा माझे टेबल तळमजल्यावरून हलवून माडीवरच्या अभिलेख कक्षात नेले, आणि आता जिना चढून हजेरीच्या यंत्रापर्यंत पोहोचायला उशीर होतो म्हणून कारणे दाखवा नोटीस दिली आहे. साहेब विचारतात, "तुम्हाला कोणी वावगे बोलले का?" बोलले कोणीच नाही, मग भेदभाव दाखवायचा कसा? सोमवारी खुलासा द्यायचा आहे.

बांधावरून: ताई, नोकरी सरकारी की खासगी, कायम की कंत्राटी? तळमजल्याची मागणी लेखी केली होती का?

पऱ्हाटी: पंचायत समितीत कायम लिपिक आहे. मागणी तोंडीच केली, सगळ्यांना दिसतेच आहे.

वऱ्हाडी_वकिली: साहेबांचे बोलणे मोबाईलवर गुपचूप टिपून ठेवा, तोच खरा पुरावा.

आवकजावक: भाऊ, ते साहेब तोंडाने काही बोलतच नाहीत, तर टिपणार काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय (जसे तुमचे तळमजल्यावरचे टेबल) नाकारणे हाही भेदभाव धरला आहे. त्यामुळे कोणाचा हेतू उघड करत बसण्यापेक्षा सोय मागितली आणि ती मिळाली नाही, एवढे कागदावर आणणे महत्त्वाचे. खुलाशात जिन्याचे कारण लिहा, प्रमाणपत्राची प्रत लावा आणि तळमजल्याच्या मागणीचा अर्ज स्वतंत्र द्या. उशिरा येणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या का, हे माहिती अधिकारात मागा; एकट्या तुम्हालाच गेली असेल तर तो कागद बोलेल.

नोकरीमार्गदर्शक: सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान 4 टक्के आरक्षण आहे, पुढच्या भरतीत अर्ज जरूर करा.

बांधावरून: त्या नोकरीतच आहेत हो!

वऱ्हाडी_वकिली: मग थेट पुण्याला दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जावे. आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत.

आवकजावक: जाता येईल, पण त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. पुण्याच्या खेपा घालण्याआधी हे जवळचे दार ठोठावा.

पऱ्हाटी: आवक लिपिक म्हणतो, साहेबांना विचारल्याशिवाय अर्जाला क्रमांक टाकणार नाही.

आवकजावक: मग गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा. खुलाशाच्या पोचेवरही सही-शिक्का मिळाला नाही, तर तोही टपालानेच जाऊ द्या.