विकर्स मशीनगनविषयी थोडी भर

विकर्स ही ब्रिटिश मशीनगन तिच्या आधीच्या मॅक्झिम मशीनगनची निव्वळ नक्कल होती, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावरच पुढची गोळी भरली जावी, ही मूळ युक्ती हायरम मॅक्झिम यांची, १८८४ च्या सुमाराची. परंतु ब्रिटिश सैन्याने १९१२ मध्ये स्वीकारलेल्या विकर्समध्ये धक्क्याने दुमडणाऱ्या आतील सांध्याची रचना उलटी करून बंदुकीचे वजन बरेच घटवले होते, आणि जी बंदूक सैनिकांनाच उचलून चिखलातून न्यायची, तिच्या बाबतीत हा फरक मुळीच किरकोळ नव्हे.

तिची खरी ताकद मात्र बंदुकीची नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती भरलेल्या पाण्यात होती. सुमारे चार लिटर पाणी सतत गोळीबाराने उकळू लागे, वाफ रबरी नळीतून डब्यात जाऊन तिचे पुन्हा पाणी होई. त्यामुळे पाणी वाचे आणि वाफेच्या ढगावरून शत्रूला ठिकाणही कळत नसे. कापडी पट्ट्यातील २५० गोळ्या संपल्या, की दुसरा पट्टा लावून मारा चालूच राही.

विकर्सच्या चर्चेत भारतीय सैन्यातील महार रेजिमेंटचा उल्लेख राहून जातो, तो व्हायलाच हवा. १९४१ मध्ये बेळगावात उभारलेली ही पायदळ रेजिमेंट १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स तिच्या बोधचिन्हावर आल्या. पुढे ती पुन्हा पायदळ झाली, ब्रिटिश सैन्यानेही १९६८ मध्ये विकर्स सेवेतून काढली. महारांच्या बोधचिन्हावर मात्र ती आजही आहे.