आपलं अस्वल की पांढरं अस्वल, जास्त डेंजर कोण?

बोथा_घाट
परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, अस्वल समोर आलं तर काय करायचं. तपकिरी असेल तर मेल्यासारखं पडून राहा, काळं असेल तर ओरडा, दगड मारा, अंगावर जा. मूळ अमेरिकेतलं यमक आहे ते, कोणीतरी मराठी करून सोडून दिलंय. माझा आत्तेभाऊ खामगावला असतो, त्याने लगेच त्याखाली लाइकचा अंगठा टाकला, 'छान माहिती'. अरे बाबा, तुझ्या बुलढाणा रोडला ज्ञानगंगाच्या जंगलात जे अस्वल आहे ते काळंच आहे, पण ते त्या यमकातलं अमेरिकन काळं नाही! त्याच्या अंगावर गेलास तर ते पळणार नाही, तोंड फोडून ठेवेल.

माझं मत सरळ आहे, जगातलं सगळ्यात डेंजर अस्वल आपलंच. पांढऱ्याला उगाच हाईप दिलाय. 1870 ते 2014 एवढ्या काळात पाच देशांत मिळून ध्रुवीय अस्वलांनी माणसं मारली 20. आणि आपल्याकडे एकट्या मध्य प्रदेशात (छत्तीसगड तेव्हा त्यातच होतं) 1989 ते 1994, फक्त पाच वर्षांत 735 जण अस्वलाच्या तावडीत सापडले, त्यातले 48 गेले. बोला.

कॅलगरीकर
आकडा अर्धाच सांगितलास मित्रा. त्या 20 मृत्यूंसाठी हल्ले किती झाले होते? 73. म्हणजे साधारण चारातल्या एका हल्ल्यात माणूस गेला. तुझ्या 735 मधले 48 म्हणजे साडेसहा टक्के. आता सांग, कोणासमोर उभं राहशील?

दुसरं म्हणजे आपलं अस्वल माणसाला घाबरून हल्ला करतं, पांढरं अस्वल, त्यातही उपाशी असेल तर, खायला म्हणून येतं. फार मोठा फरक आहे हा. आमच्या कॅनडातल्या चर्चिल गावात लोक गाडीची दारं लॉक करत नाहीत, का तर रस्त्यात अस्वल आलं तर कोणालाही पटकन आत घुसता यावं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडायचं तर लोक रायफल घेऊनच निघतात. खामगावात कोणी बंदूक घेऊन दळण आणायला जातं का?

बोथा_घाट
रायफल आहे म्हणूनच तर 20 वर थांबलं ना, आणि मुळात तिथे राहतं कोण? बर्फात चार टाळकी. आमच्याकडे जंगलाला लागूनच शेतं आणि वाड्या आहेत. रोज समोरासमोर येणं हाच धोका.

आकडेमोड
दोघंही आपापल्या सोयीचा आकडा उचलताय. तपकिरी अस्वल घ्या (ग्रिझली त्यातच आलं), 2000 ते 2015 जगभरात 664 हल्ले, 95 मृत्यू, म्हणजे चौदा टक्के. अमेरिकेतलं काळं अस्वल घ्या, संख्या आठ-नऊ लाख, आणि 1900 ते 2009 मध्ये माणसं मेली 63. आपली अस्वलं 20,000 सुद्धा नसतील असा अंदाज आहे. म्हणजे डोकी मोजली तर बोथा_घाट बरोबर, आणि एकदा झडप पडल्यावर काय होतं ते मोजलं तर कॅलगरीकर.

पण फॉरवर्डचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ते अमेरिकेतलं काळं अस्वल माणसाला मारतं तेव्हा बहुतेक वेळा एकटा नर असतो आणि तो शिकारच करत असतो, म्हणून तिथे झुंज म्हणतात. आपलं अस्वल घाबरून हल्ला करतं, त्याला आणखी घाबरवून काय मिळणार?

पुणेरी_पाटी
आजी सांगायची अस्वल गुदगुल्या करून मारतं. हे कुठल्या टक्केवारीत धरायचं?

कॅलगरीकर
😂 आणि आमच्याकडे दरवेशी यायचा तेव्हा ताप आलेल्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, त्याचा केस ताईतात घालायचे. मीही बसलोय. जगातल्या 'सगळ्यात डेंजर' प्राण्यावर, पाच पैशात.

मोहफूल
तुम्ही लोकं घरात बसून टक्के मोजून रायले म्हणून लिहितो. मी मेळघाटाकडचा. मोह रात्री गळतो, पहाटे चारला टोपलं घेऊन गेलं नाही तर गुरं खाऊन टाकतात. अस्वलाचाही टाइम तोच. त्याला दिसतं कमी, ऐकायला येतं कमी, नाक तेवढं तिखट, पण मुंडी खाली घालून फुलं ओढत असलं आणि वारा उलटा असला की दहा पावलांवर येईपर्यंत ना त्याला पत्ता ना आपल्याला. वारूळ फोडून उधई (वाळवी) ओढतं तेव्हा तर असा आवाज येतो जसं कोणी पंप लावला, लांबून ऐकू येतो, तो ऐकू आला तर नशीब समजा. आणि ते पळत काहून नाही? वाघाबिबट्यासंगं जंगलात राहायचं, झाडावर चढलं तर बिबट्याही चढतो, म्हणून त्याला एकच माहीत, उभं राहायचं अन् चेहऱ्यावर मारायचं. पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका.

साडेसहा टक्केच मेले म्हणता, मग बाकीचे 687 वाचले का? आमच्या गावात एक काकू आहे, एक डोळा नाही, नाकाच्या जागी टाके. वीस वर्षं झाली, लग्नात कधी पुढं बसली नाही, पदर असा दातात धरून बोलते. तिला विचारा पांढरं डेंजर का काळं. नख्या बोटाएवढ्या असतात, वारूळ खणायच्या. माणसाचं तोंड काय चीज आहे.

आकडेमोड
हे माझ्या हिशोबात नव्हतं. खरंय.

कॅलगरीकर
काकूंचं वाचून गप्प झालो. तरी एक म्हणतो, उपाशी पांढरं अस्वल मागे लागलं तर मेल्याचं सोंग चालत नाही, तुमच्याकडे निदान पालथं पडून मान-तोंड झाकलं तर वाचायची शक्यता असते. माझं मत पन्नास टक्केच बदललं.

डिसेंबरात येतोय मी, मेळघाट करायचंय. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. काय करू?

पुणेरी_पाटी
गुदगुल्यांची प्रॅक्टिस.

मोहफूल
डिसेंबरात मोह नसतो, बोरं असतात, अस्वलाला तीही आवडतात. काठी मी देतो, घुंगरू बांधलेली. बोरीखाली गेले की आधी खोकायचं, मग वाकायचं.