सासूबाईंचा अडीच महिन्यांचा कोरडा खोकला: कोणाकडे न्यावं, काय तपासावं?

तिसरामजला
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगून टाकते.

सासूबाई ६६ वर्षांच्या. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जुलैअखेर सर्दी-ताप आला, चार दिवसांत गेला, खोकला तेवढा मागे राहिला. कोरडी ढास. बोलताना उबळ, हसताना उबळ. बेडका नाही, ताप नाही. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तीन रंगांची सिरपं झाली. आडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ-मध, हळद-दूध हेही झालं. छातीचा एक्स-रे 'नॉर्मल'.

आता काळजीचं म्हणजे, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभ्या राहतात. मला म्हणतात, "तू हो पुढे, मी भाजीवाला आलाय का बघतेय." आमच्या जिन्यातून भाजीवाला दिसत नाही.

नेहमीचाच फिजिशियन चालेल की थेट छातीचा डॉक्टर गाठू? आणि नवरा म्हणतो एअर प्युरिफायर घेऊन टाकू. उपयोग होतो का? त्यांना बिडी-सिगारेट नाही, मशेरीसुद्धा नाही.

कोकणकडा
बीपीची गोळी कोणती चालू आहे? आधी पाकीट बघा. आमच्या बाबांना रामिप्रिल होती. सहा महिने खोकल्यावर औषधं चालली, आणि खोकला येत होता गोळीनंच. 'प्रिल'वर संपणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना अशी कोरडी ढास लागते, आणि कधी कधी गोळी सुरू होऊन महिने उलटल्यावर लागते. डॉक्टरांनी गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका.

तिसरामजला
पाहिलं. टेल्मिसार्टन आहे.

कोकणकडा
मग तिला सोडा. ती सहसा खोकला आणत नाही.

रात्रपाळी
मी छातीच्या वॉर्डात सिस्टर आहे, डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की आपल्याकडे आधी टीबी नाही ना हे तपासायचं. घरी 'आमच्याकडे कुठला टीबी' म्हणतील, म्हणू देत. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, औषधंही फुकट. व्हायरल तापानंतरचा खोकलाही सहा-आठ आठवडे रेंगाळतो, पण त्यात जिन्यावर असा दम सहसा लागत नाही. त्यामुळे थेट छातीचाच डॉक्टर.

आता मला सांगा: घराबाहेर आठ-दहा दिवस राहिल्या तेव्हा खोकला कमी झाला होता का? घरात पक्षी, ओल आलेली भिंत, कूलर, पिसांच्या उशा यांपैकी काही आहे?

तिसरामजला
अगं बाई! गणपतीला १२ दिवस चिपळूणला होत्या. तिथे खोकला जवळजवळ नव्हताच. फोनवर म्हणाल्या, "इकडचं पाणी मानवलं." परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

पक्षी पाळलेले नाहीत. पण स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर डक्ट (इमारतीतली वरपर्यंत उघडी पोकळी) आहे आणि एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतरांचा संसार. सासूबाई दर शनिवारी खिडकीचा कट्टा खराट्यानं झाडतात. कोरडाच. पांढरा धुरळा उडतो, उन्हाच्या पट्ट्यात दिसतो. मी ओरडते, पण ते ओटा घाण होतो म्हणून.

रात्रपाळी
हेच डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, अगदी चिपळूणसकट. ते विचारतील म्हणून थांबू नका.

कबुतराच्या शिटेत आणि पिसांवरच्या पावडरीत प्रथिनं असतात. मोठी धूळ नाकात, घशात अडकते, शिंकेनं किंवा कफातून बाहेर पडते. हा भुगा इतका बारीक असतो की थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतो. काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि तिथे सूज धरते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. नावात न्यूमो असलं तरी हा जंतूंचा न्यूमोनिया नाही, म्हणून अँटिबायोटिकला दाद देत नाही. (शिटेतल्या बुरशीचा खराखुरा संसर्गही होऊ शकतो, पण तो मुख्यतः प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना.)

सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा जास्त बारकाईचा सीटी स्कॅन, त्यात दिसतं. फुंकायची टेस्ट, चालायला लावून ऑक्सिजन मोजणं, रक्ताची तपासणी, हे डॉक्टर ठरवतील. पाठीला स्टेथोस्कोप लावला की श्वास आत घेताना वेल्क्रो उघडल्यासारखी चरचर येते, ती कानात बसली की विसरत नाही.

वेळेवर संपर्क तुटला तर बरंच भरून येतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसात व्रण धरतात, ते परत जात नाहीत. स्टेरॉइड देतील न देतील, तो त्यांचा निर्णय. दिलं तर साखर तपासायला विसरू नका.

खडूसकाका
आमच्या आजीनं चाळीस वर्षं कबुतरांना दाणे घातले. ९१ व्या वर्षी गेली, फुप्फुसं ठणठणीत. आता खोकला आला की कबुतर!

रात्रपाळी
काका, आजीला नाही झालं. बहुतेकांना होत नाहीच. ज्यांना होतं त्यांना आम्ही ऑक्सिजन लावतो. आणि कबुतरंच असतील असं मीही म्हटलेलं नाही, तपासा म्हटलंय.

खडूसकाका
मग दादरला काय चाललंय ते

संचालक
ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, त्यावर वेगळा धागा आहे आणि तो पुरेसा पेटलेला आहे. इथे सासूबाईंचा खोकला.

माजीसेक्रेटरी
कबुतरं रोखायला जाळी लावायची तर, दोन इमारतींत हे उद्योग केलेत म्हणून सांगतो.

तुमच्या एकट्या खिडकीला जाळी मारून उपयोग नाही. कबुतर वरच्याकडे जाऊन बसेल आणि धुरळा तुमच्याच ओट्यावर येईल. डक्ट वरच्या तोंडापासून बंद व्हायला हवा. म्हणजे सोसायटीची मीटिंग, आणि 'पापाचं काम' म्हणणारे एक बिऱ्हाड असतंच. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. अंडी फुटायला अठरा दिवसांच्या आसपास लागतात, पुढे महिनाभर पिल्लं. मात्र पिल्लं उडाली की दुसऱ्याच दिवशी माणूस बोलवा, नाहीतर नवी अंडी तयार.

साफसफाई कोरडी करायचीच नाही. पाणी मारून चांगलं भिजवा, मग खरवडा, पिशवीत बांधून फेका. करणाऱ्याला एन-९५ मास्क. रुमाल बांधून भागत नाही. आणि त्या दिवशी सासूबाई घरात नकोत.

प्युरिफायरचे पैसे जाळीत घाला. खिडकीबाहेर कारखाना चालू ठेवून आत हवा गाळायची हे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखं.

रात्रपाळी
एसीचे फिल्टर आणि पडदेही धुवा. पक्षी गेले तरी भुगा कित्येक आठवडे घरात राहतो. आणि डासांची कॉइल, धूप सध्या बंद. मूळ आजार त्याचा नसला तरी सुजलेल्या श्वासनलिकेला तेही जाचतं.

तिसरामजला
पाच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

टीबी नाही. एचआरसीटीत निघालं, रात्रपाळी म्हणाली तेच. डॉक्टरांनी मलाही पाठीवर ऐकवलं. हो, वेल्क्रोच. व्रण थोडेच आहेत, बाकी बहुतेक सूज आहे म्हणाले. स्टेरॉइड चालू आहे, साखर रोज सकाळी बघते. डक्टला जाळी लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सही केली नाही, त्यांच्या सुनेनं केली. ते काम होईपर्यंत सासूबाई चिपळूणला होत्या. खराटा मी भंगारात दिला, त्यावरून दोन दिवस बोलल्या नाहीत.

खोकला निम्म्याहून कमी. काल बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "थांब गं, दम लागलाय." भाजीवाल्याचं नाव काढलं नाही.